बसवलेले वाचक

वडगाव रासाईच्या संपत कोळपेला कुणी रामराम घातला, तर तो आधी त्या माणसाच्या मागं कोण उभं आहे ते बघायचा आणि मग रामराम घ्यायचा. कुणी चहा पाजला तर पहिला घोट घ्यायच्या आधी विचारायचा, "काय काम काढलं?" वाचनालयाला कुणी पुस्तक भेट दिलं, तर ते उलटंपालटं करून, पहिलं पान उजेडाला धरून बघायचा, की बाबा, दुसऱ्या कुठल्या वाचनालयाचा शिक्का खरवडून तर आणलं नाही ना. बायको रंभा म्हणायची, "लग्नात माज्या गळ्यात हार घालायच्या आदी ह्यांनी हारातली फुलं चाचपून बगितली." हे खरं की तिनं रचलेलं, देव जाणे. पण गावानं ते खरं धरलं होतं.

आता माणूस उगीच असा होत नाही. संपतचा बाप मल्हारी मेंढरांमागं हिंडलेला. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं, वाटेत कुणाच्या तरी रानात बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, हा त्यांचा धंदा. रान खतावून झालं की एखादा मालक तोंड वर करून विचारायचा, "कुठली मेंढरं? कधी बसली होती?" असं वरचेवर झाल्यावर मल्हारीनं पोराला एकच शिकवण दिली, की समोरचा गोड बोलायला लागला की आपण मागं सरायचं. पुढं नदीचं पाणी पाइपानं रानात आलं, मेंढरं गेली, कांदा आला. संपत बारावी झाला आणि सोसायटीच्या गोदामाशेजारच्या खोलीत भीमाकाठ सार्वजनिक वाचनालय निघालं, तेव्हा त्याचा ग्रंथपाल झाला. बापाची शिकवण तेवढी तशीच राहिली.

वाचनालयाचे अध्यक्ष होते हौसराव आप्पा. बागायतदार माणूस, सोसायटीत वजन, बोलणं मोजकं. त्यांनीच संपतला त्या खुर्चीवर बसवलं होतं आणि त्याला उठवायचा अधिकारही आपलाच, असं ते मनाशी धरून होते. संपतला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून आप्पा हसून बोलले की त्याला दिवसभर जेवण गोड लागायचं नाही.

वर्षाला एकदा वाचनालयाची तपासणी व्हायची, आणि तपासणीला वाचक बसवायचे असतात हे संपत पहिल्याच वर्षी शिकला. हसू नका. साहेब यायचे त्या दिवशी हायस्कूलचे मास्तर, इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं, आप्पांच्या मळ्यातला मुकादम, असे सगळे बाकांवर रांगेनं बसायचे, प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र. कपाट रिकामं दिसू नये म्हणून शेजारच्या गावच्या वाचनालयातून ट्रंकभर पुस्तकं यायची. त्यांची तपासणी असली की आपली ट्रंक तिकडं जायची. साहेबांनाही ते कळायचं. ते म्हणायचे, "वा, वाचक बरेच दिसतात," आणि पोह्यांकडं वळायचे. यात आपण काही खोटं करतोय असं संपतच्या मनालाही शिवलं नाही. त्याचं वाचनालय रोज उघडत होतं, रोज झाडलं जात होतं. नुसती पाटी लावलेली आणि पाटीमागं म्हशी बांधलेली वाचनालयं त्यानं पाहिली होती. त्यांच्यापुढं आपण सोन्यासारखे, असं तो स्वतःला सांगायचा.

त्याचे खरे वाचक यायचे दुपारी, आणि त्यातल्या निम्म्याअधिक जणींना वाचताच येत नव्हतं. कांद्याच्या रानातून सुटलेल्या बाया, मेंढरं विकून घरी बसलेली म्हातारी माणसं, वाचनालयाच्या ओसरीवर सावली धरून बसायची आणि संपत मोठ्यानं वाचायचा. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी, रोज थोडी थोडी. सगळ्यांच्या पुढं बसायची सखूबाई. नात्यानं त्याची लांबची आत्या, हातात लोकर कातायची चाती, तोंडात मिश्री. गोष्टीतला नवरा बायकोला टाकून बोलला की सखूबाई चाती थांबवून त्याचा असा उद्धार करायची, की संपतला पुढचं वाक्य वाचता यायचं नाही. "वाच की मर्दा, गप का झालास?" हेही परत तीच विचारायची.

दोन हजार आठ साल उजाडलं आणि कुणीतरी बातमी आणली, की वाचनालयाचा वर्ग वाढवायचा असेल तर ग्रंथपाल पदवीवाला पाहिजे. आप्पांनी संपतला बोलावून घेतलं आणि हसून चहा पाजला.

"संपत, तुला बारावीनंतर पुढचं जमलं नाही ना?"

"बाहेरनं बी.ए. केलंय की आप्पा. तुमीच पेढा खाल्ला व्हता."

"व्हय, व्हय. पण ती ग्रंथालयाची पदवी लागती म्हणं. आमचा सत्यजीत पुण्यात तेच शिकतोय." सत्यजीत हा आप्पांचा पुतण्या. "तुझं वर्षात होत असलं तर बघ. न्हाईतर मग इलाज न्हाई."

वर्षात पदवी नाही, तर खुर्ची गेली. संपत घरी आला तो तोंड आंबट करूनच. रंभा म्हणाली, "आप्पांनी येळ तरी दिला न्हवं?" संपत म्हणाला, "त्योच तर डाव हाय." पण दुसऱ्याच रविवारी तो शिरूरला गेला आणि ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नाव घालून आला.

वर्ग बरा चालला होता. मग एका रविवारी सरांनी फळ्यापुढं उभं राहून नवीनच काढलं. आपल्या अभ्यासक्रमातला एक विषय इथं शिकवायला माणूस नाही. तो विदर्भातल्या एका सहयोगी विद्यापीठाकडं ऑनलाइन घ्यायचा, नोंदणी तिकडं करायची, मार्क मात्र इकडच्या पदवीत धरले जातील, आणि तो विषय सुटला नाही तर पदवी नाही. वर्गात कुजबुज झाली. संपत उभा राहिला.

"सर, त्या इद्यापीठाची इमारत कुठं हाय?"

"आहे हो, तिकडं आहे. तुम्हाला जायचं नाही तिथं."

"तुमी बगितली?"

"मी कशाला बघायला जाऊ?"

"मंग ती हाय हे कुनी बगितलं?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि संपतनं मनात गाठ मारली, की हे हसणं साधं नाही. ज्या वाचनालयाची नुसती पाटी असते ते त्याला कळत होतं; इथं तर पाटीही नव्हती. दुसऱ्याच्या रानात आपली मेंढरं बसवायची, आणि रान कुणी पाहिलेलंच नाही! बाप जिवंत असता तर त्यानं काठीच घेतली असती. पण खुर्चीचा प्रश्न होता. संशय खिशात घालून संपत वडापच्या जीपमध्ये बसला आणि पूल ओलांडून दौंडला गेला.

दौंडला स्टेशनच्या बाजूला प्रगतीताईंचं सायबर कॅफे होतं. नवरा रेल्वेत, आणि बाई दिवसभर तीन कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवून स्वेटर विणत बसायची. तिनं नोंदणीचं पान उघडून दिलं. जन्मतारीख, पत्ता इथवर संपत आला आणि थबकला.

"आईचं नाव कशाला पायजे ह्यांना? ती येनार हाय का शिकाया?"

"सगळीकडंच मागतात दादा."

"म्हनून तर इचारतोय."

फोन नंबराचा रकाना त्यानं मोकळा सोडला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा गळ्यातला टॉवेल काढून त्यानं कीबोर्डवर टाकला आणि टॉवेलाखाली हात घालून एकेक बटण चाचपत दाबू लागला, बाजारात मेंढरांचा सौदा करताना करतात तसा. प्रगतीताई बघतच राहिल्या. "अहो दादा, मला दिसलं नाही ते ठीक आहे, पण तुम्हाला तरी दिसतंय का?" पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जुळला तेव्हा पडद्यावर आलं, की नोंदणी तात्पुरती झाली आहे. आपण चालू वाचनालयात काम करता याची खात्री झाल्यावर ती पक्की होईल.

"तात्पुरती!" संपत म्हणाला. "बगा, आताच पाय मागं घेत्यात."

पुढं दर आठवड्याला तो दौंडला जाऊ लागला. भारनियमन सांभाळून जावं लागायचं, नाहीतर वीज नाही म्हणून प्रगतीताईंच्या चहावरच परत फिरायचं. शिकवणाऱ्या बाईचं नाव होतं सुलक्षणा मॅडम. त्यांचा बोटाच्या नखाएवढा फोटो पानावर होता. "फोटू काय, कुनाचा बी लावता येतोय," संपत म्हणाला. बाकीचे विद्यार्थी धड्याखाली लिहायचे, 'आदरणीय मॅडम, खूप छान माहिती मिळाली.' सगळे तेच. संपतनं प्रगतीताईंना हाताला धरून आणल्यासारखं बोलावलं.

"ताई, हे समदं एकाच मान्सानं लिवलंय."

"दादा, विद्यार्थी सगळे असंच लिहितात. तुम्ही काय लिहिलं?"

संपतनंही तेच लिहिलं होतं.

शेवटी त्यानं परीक्षाच घ्यायची ठरवली. मॅडमची हो, स्वतःची नाही. पुस्तकांच्या वर्गीकरणावर उत्तर लिहिताना मध्येच त्यानं एक ओळ घुसडली: 'आमच्याकडे यंदा कांदा सडला.' उत्तर पुढं पाठवून दिलं. कुणी वाचत असेल तर कळेल, नसेल तरी कळेल. आठवडाभरानं मॅडमचं उत्तर आलं. 'मांडणी चांगली आहे. कांद्याचं वाचून वाईट वाटलं. पण तो दुसऱ्या परिच्छेदात कशाला आला ते समजलं नाही.'

प्रगतीताईंना हसू आवरेना. "आता तरी पटलं? माणूस आहे तिकडं."

"मानूस हाय," संपतनं कबूल केलं. "पर मानूस हाय म्हनून खरा हाय असं कुठं हाय?"

मग ते काम आलं. आपल्या वाचनालयातून लोकांना कोणती सेवा मिळते ते लिहा, आणि वाचनालय चालू असतानाचे फोटो पाठवा. त्यावरून नोंदणी पक्की केली जाईल. संपतनं ते वाचलं आणि मांडीवर थाप मारली. इतके दिवस ज्याची उकल होत नव्हती ते त्याला एका फटक्यात कळल्यासारखं झालं. ही तर तपासणी! नुसती लांबून करतायत एवढंच. आणि तपासणी कशी काढायची हे संपत कोळपेला कुणी शिकवायला नको होतं.

शेजारच्या गावची ट्रंक आली. हायस्कूलचे मास्तर आले, इस्त्रीचे सदरे आले. आप्पा स्वतः चष्मा लावून मधल्या बाकावर बसले, कारण पदवी कुणाची का असेना, वाचनालयाच्या फोटोत अध्यक्ष पाहिजेतच. संपतनं त्याच दिवसाचं वर्तमानपत्र गठ्ठ्यानं आणलं होतं, ते एकेकाच्या हातात दिलं. कॅमेरावाला दौंडहून आला होता, त्याचं फोटोपुरतं ऊन सरत चाललं होतं. आणि नेमकी तेव्हाच चाती फिरवत सखूबाई ओसरीवर चढली, मागं पाच-सहा बाया. त्यांची वेळच ती होती.

"आत्या, आज न्हाई. आजच्या दिस घरला जा."

"का रं? गोष्टीतली ती पोरगी हिरीपाशी उबी ऱ्हायलीय. उडी टाकती का न्हाई ते तरी कळू दे."

"उद्या सांगतो. आज सायबाकडं फोटू पाठवायचाय."

"मंग आमी मागं बसतो की गप."

"फोटूत येशाल ना! लोकर, चाती, मिश्री... वाचनालय हाय का बाजार म्हनतील. उठा, उठा समद्या."

बाया उठल्या. सखूबाई सगळ्यांच्या शेवटी उठली. तिनं आप्पांकडं पाहिलं, इस्त्रीच्या सदऱ्यांकडं पाहिलं, आणि चाती ओच्यात खोवून पायऱ्या उतरली. संपतचं लक्ष नव्हतं. तो एका पोराच्या हातातलं वर्तमानपत्र सरळ करत होता.

फोटो झकास आले. प्रगतीताईंनी ते स्कॅन करून पाठवले. संपत निवांत झाला आणि पुढच्या आठवड्यात दौंडला गेला तो शीळ घालतच. मॅडमचं उत्तर येऊन पडलं होतं.

'श्री. कोळपे, फोटो पाहिले. काही शंका आहेत. सर्वांच्या हातात एकाच दिवसाचं, एकच वर्तमानपत्र आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाचीही नजर पानावर नाही. कपाटातल्या पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या वाचनालयांच्या दिसतात. आपलं वाचनालय एरवी खरोखर चालतं का? अशी कागदावरची वाचनालयं आम्हाला पूर्वी भेटली आहेत. आठवड्याभरात समाधानकारक खुलासा आला नाही, तर नोंदणी रद्द करावी लागेल.'

संपतनं ते दोनदा वाचलं. मग त्याच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडायला लागल्या. "मला बोगस म्हनती! मला! सनवार न्हाई बगितला, पाऊस न्हाई बगितला, रोज कुलूप काढलं म्या! आन् ही बया तिकडं बसून म्हनती, चालतं का?"

प्रगतीताईंनी विणकाम बाजूला ठेवलं. "दादा, रागवू नका. पण इतके दिवस तुम्ही तिला काय म्हणत होता?"

जीपमध्ये बसून परत येताना त्याला दोनच गोष्टी दिसत होत्या, आप्पांचं हसू आणि सत्यजीतची त्या खुर्चीवर टाकलेली पाठ. मग त्याला सुचलं. खरं दाखवायचं. दुपारच्या बायांचा फोटो काढून पाठवायचा, चाती आणि मिश्रीसकट! तो हरखून वाचनालयाच्या ओसरीवर आला, आणि तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की फोटोच्या दिवसापासून दुपारची ओसरी मोकळीच होती. कांद्याची निवड चालू आहे, म्हणून येत नसतील, असं तो धरून चालला होता.

सखूबाई घरामागच्या, कांदा साठवायच्या चाळीत बसून सडके कांदे बाजूला काढत होती. त्याला बघून तिनं मान वर केली नाही.

"आत्या, लई दिस झालं, आली न्हाईस?"

"कशाला यिऊ? माज्याकडं इस्त्रीचं लुगडं न्हाई."

"असं काय बोलतीस? उद्या या समद्या. तुमचा फोटू काढायचाय."

सखूबाईच्या हातातला कांदा तसाच राहिला. "व्हय का? मला वाटलं वाचाया बोलवाया आलास."

"वाचू की. फोटू झाला की वाचू."

"त्या दिशी आमी फोटूत नको व्हतो, आन् आज पायजे. परवा दुसरा कोन सायब आला की परत उठा." ती आता त्याच्याकडं सरळ बघत होती. "कोंबड्यांवानी हाकललंस रं आमाला. त्या आप्पाच्या देखत. घरी आल्यावर मी जेवले न्हाई त्या दिशी. आन् आज ग्वाड बोलत आलास, म्हंजी तुजंच कायतरी काम आडलंय. न्हाई बाबा. तुजा काय भरवसा न्हाई."

मॅडमचा संशय संपतला झोंबला होता. हा लागला. तो चाळीच्या तोंडाशी उभा होता तिथूनच माघारी फिरला. रंभानं भाकरी वाढली ती तशीच राहिली. तिनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "आत्या जेवली न्हवती."

दुसऱ्या दिवशी तो परत दौंडला गेला. टॉवेल गळ्यातच राहू दिला. प्रगतीताईंना म्हणाला, "तुमीच लिवा, माझा हात बसला न्हाई अजून. मी सांगतो." आणि त्यानं सांगितलं, थांबत थांबत, आणि तिनं त्याचं नीट मराठीत करून उतरवलं.

'आदरणीय मॅडम, तुमचा संशय बरोबर आहे. फोटोतले वाचक मी बसवले होते. निम्मी पुस्तकं दुसऱ्या गावची आहेत. माझे वाचक दुपारी येतात. त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. मी मोठ्यानं वाचतो आणि त्या ऐकतात. फोटोत बरं दिसणार नाही म्हणून मी त्यांना त्या दिवशी उठवून लावलं. आता त्या येत नाहीत. तेव्हा आजच्या घडीला माझं वाचनालय चालत नाही, असंच धरा. नोंदणीचं काय ते तुम्ही ठरवा.'

प्रगतीताईंचं बोट बटणावर थांबलं. "दादा, हे गेलं की तुमचं नाव जाईल."

"जाईल तर जाईल. दुसरं काय लिवू? परत बसवलेला फोटूच व्हनार त्यो."

"मग फोन नंबर तरी टाका. त्यांना काही विचारायचं असलं तर?"

संपतनं नंबर सांगितला. सांगून झाल्यावरही तो पडद्याकडं असा बघत राहिला, की आता त्यातून कुणीतरी हात बाहेर काढेल.

फोन आला दोन दिवसांनी, दुपारी. संपत मोकळ्या ओसरीवर एकटाच बसला होता. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "मी सुलक्षणा बोलतेय. तुम्ही लिहिलेलं वाचलं. पण कोळपे, हेही कुणी लिहू शकतं, नाही का? मला त्या ऐकणाऱ्यांपैकी कुणाशी तरी बोलायचंय. आत्ता, लगेच."

संपत फोन हातात धरून पळाला. पन्नाशीला टेकलेला माणूस पायजम्याचं भान न ठेवता गल्लीतून पळतोय म्हटल्यावर कुत्री मागं लागली. चाळीत पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्यानं फोन सखूबाईपुढं धरला.

"आत्या, मॅडम हायत. इचारत्यात वाचनालय चालतं का. तू बोल."

"कोन मॅडम? तूच कुनाला तरी बसवलं आसशील पलीकडं."

"न्हाई गं! तुला काय वाटंल ते बोल. माज्या बाजूनं बोलू नगंस, काय खरं हाय ते बोल."

सखूबाईनं लुगड्याला हात पुसले, फोन घेतला, कानापासून हातभर लांब धरला आणि पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली.

"कोन गं बाई तू? चालतं का म्हून काय इचारतीस? ह्या मुडद्याला इचार! रोजच्या रोज जाऊन बसत व्हतो आमी. भाकरीचं टोपलं झाकलं की ओसरीवर. आन् ह्यानं एक दिस आमाला उठीवलं, फोटूत चांगल्या दिसत न्हाई म्हून! त्या मास्तरला बसवलं, त्यानं कवा एक पुस्तक न्हेलं न्हाई. आन् ती पोरगी, बग, सासूनं बाहेर काढलेली, हिरीच्या काठाला उबी हाय. आजून उबी हाय! उडी टाकली का कुनी धरली, काय सांगितलं न्हाई ह्यानं. मला रातची झोप न्हाई बाई तिच्या पायी. दुसरं कोन वाचून दावनार? माजा ल्योक पुन्याला, सुनंला येळ न्हाई. काय करायचं आमी? तू मोठी शिकलेली हायस ना, मग तूच सांग ह्याला दोन शब्द!"

ती थांबली. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. सखूबाई "व्हय... व्हय... न्हाई, कवाच न्हाई," असं म्हणाली, आणि फोन संपतच्या अंगावर टाकून परत कांद्यांकडं वळली.

संपतनं फोन कानाला लावला. आता काय ऐकायला लागणार याची त्याला खात्रीच होती.

"कोळपे," मॅडम म्हणाल्या. आवाजात हसू होतं, पण मघाची धारही होती. "नोंदणी पक्की करते आहे. बंद पडलेल्या वाचनालयावर कुणी इतकं भांडत नाही. पण एक सांगते, मी फोटो मागितला होता तो ह्या बाईंचा. तुम्ही त्यांना उठवलंत, ते मला अजिबात आवडलेलं नाही."

"व्हय मॅडम," संपत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं समोरच्याचं बोलणं उलटंपालटं न करता जसंच्या तसं घेतलं.

फोन बंद झाला. खुर्ची राहिली, पदवीची वाट मोकळी झाली, आप्पांना तोंड दाखवायची सोय झाली. त्यानं आनंदानं उडी मारायला हवी होती. तो तिथंच घुटमळत राहिला.

"आत्या, झालं काम."

"झालं ना? मंग जा की."

संपत गेला. वाचनालयात गेला, कपाटातून ती कादंबरी काढली आणि तशीच काखेत मारून परत चाळीत आला. कांद्याच्या ढिगाशेजारी मातीतच मांडी घातली, खुणेचं पान उघडलं आणि घसा खाकरला. "तर ती हिरीच्या काठाशी—"

"थांब."

त्यानं वर पाहिलं. सखूबाईचे डोळे भरले होते आणि तरीही ती रागातच होती.

"मला एकलीला नगं. धुरपदा, शेवंता, कोंडाबाई, समद्या तितं व्हत्या. जिला जिला उठीवलंस तिच्या तिच्या दारात जा आन् बोलवून आन. मी येती तवर ओसरीवर."

भर दुपारचं ऊन होतं. संपतनं पुस्तक काखेत घेतलं आणि पहिलं घर गाठलं ते धुरपदाचं. दार लोटलेलं होतं. त्यानं कडी वाजवली, हाक मारली, कशासाठी आलोय तेही सांगितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला.

मग दाराआडून आवाज आला, "फोटू न्हाई न्हवं काढायचा?"

"न्हाई गं," संपत म्हणाला, "आईशप्पत न्हाई," आणि दार उघडायची वाट बघत उन्हात उभा राहिला.